उंबडवाडीची घरवार नावं

“अक्का, आता तुम्ही त्याला हात लावू नका. आज दोनदा त्याचं लिहिलेलं उलटवलंय तुम्ही. तिसऱ्यांदा उलटवलं की ते सरळ बंदी घालतेत.”

फोनवर सुदर्शन होता. जगदेवीनं फोन मान वाकडी करून खांद्यात धरला होता आणि तिचे डोळे संगणकाच्या पडद्यावर होते. वसतिगृहात दुपारची शांतता होती. पोरी क्लासला गेलेल्या. मागच्या अंगणात स्वयंपाकाच्या बाया मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांचं हसणं मधूनच ऐकू येत होतं.

“अरे पण सकाळी मी नावं घरवार लावले होते,” ती म्हणाली. “आता उघडून बघते तर परत अ आ इ ई. समदी गल्ली विस्कटून ठेवली की रे.”

“कुणी, त्या नांदेडच्या मुनीबनं?”

“आणखी कोण.”

“तुम्ही चर्चापानावर लिवा, अक्का. लेखात न्हाई. तिथं मत मांडा, मी येतो की मागून.”

“येशील ना?”

“असं का विचारायलाव? मी न्हाई येणार तर कोण येणार?”

जगदेवीनं फोन ठेवला आणि चर्चापान उघडलं.

इंटरनेटवरच्या त्या मराठी ज्ञानकोशात कुणीही लिहावं आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारावं, अशी रीत होती. पगार नाही, लेखावर नाव नाही. जगदेवी तिथे ‘ओसरी’ या नावानं लिहायची. पुण्यामुंबईचे, नाशिकचे, परदेशातले लोक तिला ‘ओसरी महोदय’ म्हणत. एकानं तर ‘ओसरी सर, आपला व्याकरणाचा अभ्यास वाखाणण्याजोगा आहे’ असं लिहिलं होतं. तिनं ते दुरुस्त केलं नव्हतं. आपण बाई आहोत, लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहात रेक्टर आहोत, हे तिथे कुणाला माहीत असायची गरजही नव्हती. सुदर्शनला तेवढं माहीत होतं, कारण त्यानंच तिला तिथे आणलं होतं.

वसतिगृह औसा रोडच्या मागच्या गल्लीत होतं. बारा-पंधरा वर्षांपूर्वी तिथे नुसते प्लॉट होते. मग क्लास आले, क्लासमागून खानावळी, झेरॉक्सची दुकानं, पुस्तकांची दुकानं आणि वसतिगृहं. चौकाचौकात डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींचे मोठाले फोटो लागले. अर्धापूर, हिमायतनगर, देगलूर, कुठून कुठून आईबाप पोरी घेऊन यायचे, ट्रंक उतरवायचे आणि जाताना जगदेवीकडे बघून म्हणायचे, “अक्का, तुमच्यावर सोडून चाललो.” पोरीही पहिल्या दिवसापासून तिला अक्काच म्हणत. ती त्यांना रागवायची, तापात कपाळावर पट्ट्या ठेवायची, फोन काढून घ्यायची आणि रविवारी परत द्यायची. गाव कुठलं, असं कुणी विचारलं तर “औशाकडलं” एवढंच सांगायची.

औशाकडलं म्हणजे उंबडवाडी. भूकंपात गेलेलं.

त्या वर्षी जगदेवी नांदेडला मावशीकडे राहून डीएडला जात होती. गणपतीला गावी जायचं ठरलं होतं, पण सराव पाठ निघाले आणि ती थांबली. पहाटे मावशीच्या फडताळातली भांडी वाजली. मावशी म्हणाली, मांजर असंल. सकाळी रेडिओवर बातमी आली. नांदेडहून मदतीचे ट्रक निघत होते, त्यातल्या एका ट्रकात पोळ्यांच्या टोपल्यांमध्ये बसून ती गेली. उंबडवाडीत उतरली तेव्हा जायला गल्लीच नव्हती. दगड-मातीचा एकच ढीग होता आणि आपलं घर कुठलं, हे तिला चिंचेच्या झाडावरून ओळखावं लागलं. वडील मलप्पा हत्तरगे, आई उमाबाई, धाकटा भाऊ मडिवाळप्पा. तिघंही एका खोलीत सापडले होते. ते तिला शेजारच्यांनी सांगितलं. तिला दाखवलं नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती जगदेवी नव्हती, भूकंपग्रस्त होती. कॉलेजात, दवाखान्यात, नोकरीच्या मुलाखतीत. कळलं की समोरच्याचा आवाज एकदम खाली यायचा. “आरारा! किती गेले घरातले?” मग आकडा सांगायचा. आकडा ऐकून समोरचा ‘च्च’ करायचा आणि मग तिच्याशी भांडायचा नाही, मस्करी करायचा नाही, चुकलं तर चुकलं म्हणायचा नाही. लातूरला आली तेव्हा तिनं ते सगळं मागे ठेवलं. कुणाला काही सांगितलं नाही. इथे पोरी तिच्या तोंडावर तिच्या भाजीला नावं ठेवायच्या, आणि तिला ते फार आवडायचं.

सुदर्शन तिच्याच गल्लीतला. समोरच्या श्रीमंत मानेंचा पोरगा. भूकंपात तो दुसरीत होता. त्याला आणि त्याच्या वडलांना लोकांनी दगडाखालून जिवंत काढलं. आई केवळाबाई गेली, आणि तिच्या कुशीतली पोर. पोरीची पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं. पुढे श्रीमंत मानेही फार वर्षं जगले नाहीत. सुदर्शन लातुरात काकाकडे वाढला, रसायनशास्त्र शिकला, दुसऱ्यांच्या क्लासात शिकवता शिकवता स्वतःचा क्लास काढला. नव्या गावठाणात दरवर्षी तीस सप्टेंबरला लोक जमतात, तिथे एकदा त्यानं तिला ओळखलं. “तुम्ही जगूअक्का ना? समोरच्या?” जगूअक्का म्हणणारं माणूस पुन्हा भेटेल असं तिला वाटलं नव्हतं. ती त्या दिवशी घरी येऊन खूप रडली, पण ते रडणं बरं होतं.

पुढे तो वसतिगृहाच्या ऑफिसात येऊन बसायचा. मराठी टंकायला त्यानंच शिकवलं. लेख कसा सुरू करायचा, संदर्भ कसा द्यायचा, कुणी काही पुसलं तर उलटवायचं कसं, तेही त्यानंच. तिनं आधी अर्धापूरच्या केळीवर लिहिलं, मग लातूरच्या डाळ मिलांवर. उंबडवाडीला हात लावायला मात्र तिला पाच वर्षं लागली.

गावानं एक स्मरणिका काढली होती. तिच्यात गेलेल्यांची नावं घरवार होती. वेशीपासून सुरुवात, मग मारुतीच्या देवळाची गल्ली, मग हत्तरगेंची गल्ली, मग मळ्याकडची घरं. घरमालकाचं नाव वर आणि खाली त्या घरात गेलेली माणसं, नाव आणि आडनाव. जगदेवीनं लेखात तेच उतरवलं. नव्या गावठाणात जाऊन म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवलं. एक म्हातारी डोळे मिटून ऐकत होती आणि मधेच म्हणाली, “थांब. शंकरप्पाच्या घराम्होरून तू नीट गेलीस न्हाईस. मधी एक बोळ होता.” जगदेवीनं तो बोळही लिहिला.

श्रीमंत मानेंच्या घराखाली दोन ओळी होत्या. ‘केवळाबाई माने. मुलगी, नाव ठेवायचे होते.’ लेख पुरा झाला तेव्हा तिनं सुदर्शनला तो आधी दाखवला. त्यानं खालपर्यंत वाचला, पान मिटलं आणि म्हणाला, “झकास झालाय, अक्का.”

दोन वर्षं लेख तसाच राहिला. पंचविसावं वर्ष जवळ आलं तेव्हा ज्ञानकोशावरच्या काही लोकांनी ठरवलं की भूकंपातल्या सगळ्या गावांचे लेख एका साच्यात आणायचे. वर माहितीचौकट, मग इतिहास, मग भूगोल. मृतांची नावं असतील तर ती तक्त्यात, अकारविल्हे, आणि तक्ता मिटलेला. वाचकानं ‘दाखवा’ या शब्दावर टिचकी मारली तरच उघडेल. हे काम नांदेडच्या मुनीब नावाच्या सदस्यानं अंगावर घेतलं होतं.

मुनीबचं म्हणणं सरळ होतं. त्यानं चर्चापानावर लिहिलं, ‘ज्ञानकोश हे स्मारक नव्हे. वाचकाला एखादे नाव शोधायचे असेल तर ते सापडले पाहिजे. गावातल्या बोळांची माहिती नसलेल्या माणसाने घरवार यादीत काय शोधावे? शिवाय एका गावाला सवलत दिली तर उद्या प्रत्येक गाव मागेल.’

‘ओसरी’नं उत्तर दिलं, ‘माणसे अकारविल्हे गेलेली नाहीत. घरेच्या घरे गेली आहेत. किती घरांतले सगळे गेले, किती घरांत एक उरले, हे घरवार लावल्याशिवाय कळणार नाही. ही माहितीच आहे, भावना नव्हे.’

मुनीब म्हणाला, माहिती असेल तर वेगळा परिच्छेद लिहा. ओसरी म्हणाली, ज्याला नाव नाही त्याला अकारविल्हे कुठे बसवणार? मुनीब म्हणाला, तळटीप द्यावी. असं दोन आठवडे चाललं. दोघंही एकमेकांना महोदय म्हणत होती आणि एकमेकांचं लिहिणं उलटवत होती. जगदेवी पोळ्यांचं पीठ मोजतानाही मनातल्या मनात मुद्दे जुळवायची. एकदा तर भाजीवाल्याला ती म्हणाली, “त्याला संदर्भ काय?” भाजीवाला बघतच राहिला.

पण हे भांडण तिला जड जात नव्हतं. मुनीब तिच्याशी भांडत होता, जसा कुणाशीही भांडला असता. ‘आपला हा युक्तिवाद कच्चा आहे’ असं तो बिनदिक्कत लिहायचा. ते वाचून तिला राग यायचा आणि त्या रागानं तरतरी यायची.

शेवटी मतं मागवायचं ठरलं. पाच-सहा जणांनी साच्याच्या बाजूनं लिहिलं, तिघांनी ओसरीच्या. आणि मग एके सकाळी मुनीबनंच लिहिलं, ‘ओसरी यांचा मुद्दा मला पूर्ण पटत नाही, पण आता समजतो. एक मार्ग सुचवतो. तक्ता अकारविल्हे असावा, पण त्यात “घर” असा एक रकाना वाढवावा. ज्याला घरवार पाहायचे आहे त्याने त्या रकान्यावर टिचकी मारावी, नावे घरवार लागतील. ज्या बालिकेला नाव नाही तीही आपल्या घरात राहील. सर्वांना मान्य असल्यास मी स्वतः तक्ता करून देतो.’

जगदेवीनं ते तीनदा वाचलं आणि लगेच सुदर्शनला फोन लावला.

“वाचलास का? रकाना द्यायलाय मुनीब! घराचा रकाना!”

“हां, बघितलं.”

“मग लिव की तू. तुझं मत पडलं की झालंच. तुझं ऐकतेत समदे.”

“लिवतो अक्का. जरा क्लासच्या गडबडीत हाय. पुण्याच्या लोकांशीबी बोलावं लागंल.”

“पुण्याच्या लोकांचं काय आता त्यात?”

“तसं न्हाई. बघतो मी. तुम्ही काळजी करू नका.”

त्या दिवसांत सुदर्शनचं नाव ज्ञानकोशाच्या प्रचालकपदासाठी सुचवलं गेलं होतं. प्रचालक म्हणजे ज्याला लेख बंद करता येतात, सदस्याला थांबवता येतं. पंचविसाव्या वर्षाच्या निमित्तानं त्याच्या क्लासच्या सभागृहात एक कार्यक्रमही ठरत होता. साचा करणारी पुण्याची मंडळी येणार होती. जगदेवीला हे सगळं माहीत होतं. तिला त्याचं कौतुकच होतं.

तीन दिवसांनी, दुपारी, तिनं पान उघडलं तेव्हा सुदर्शनचं मत आलेलं होतं. त्याचं लिहिणं नेहमी नेटकं असायचं. हेही तसंच होतं.

‘एका गावासाठी वेगळा रकाना करणे योग्य होणार नाही. सर्व लेख समान असावेत, या मताचा मी आहे. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. सदस्य ओसरी म्हणजे श्रीमती जगदेवी हत्तरगे या स्वतः उंबडवाडीच्या असून त्यांचे संपूर्ण कुटुंब या भूकंपात मृत्युमुखी पडले आहे. सध्या त्या लातुरात एका मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका आहेत. त्यांच्या दुःखाविषयी आपणा सर्वांना आदर आहे. मात्र या लेखाबाबत त्या तटस्थ राहू शकतील असे वाटत नाही. त्यामुळे त्यांच्या मताकडे सहानुभूतीने पाहावे, परंतु निर्णय साच्याप्रमाणेच व्हावा.’

जगदेवीनं खाली पाहिलं. त्याखाली लोकांनी लिहायला सुरुवातही केली होती. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘ताई, आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.’ ‘हे आधी माहीत असते तर इतका वाद झाला नसता.’ ज्या तिघांनी तिची बाजू घेतली होती, त्यांतल्या एकानं लिहिलं होतं, ‘मी माझे मत मागे घेतो. ताईंनी स्वतःला त्रास करून घेऊ नये.’

महोदय कुणीच म्हटलं नव्हतं.

ती उठली आणि उगाचच भांडारात गेली. तांदळाची पोती होती, तेलाचे डबे होते. ती एका पोत्यावर बसली. रडू येत नव्हतं. तिला फक्त एवढंच आठवत होतं, की सुदर्शननं मतामध्ये स्वतःचं गाव लिहिलं नव्हतं. ‘मी’ असं लिहिलं होतं, ‘या मताचा मी आहे’. त्या ‘मी’चं घर कुठलं, ते कुणाला कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या फोनवर एक अनोळखी आवाज आला.

“मॅडम, मी मुनीब बोलून राहिलो. नांदेडहून. चष्म्याचं दुकान हाय आपलं. नंबर सुदर्शन सरांकडून घेतला, माफ करा.”

जगदेवीनं ऑफिसचं दार लोटून घेतलं.

“मला मालूम नव्हतं जी. मी लई कडक लिहिलो तुम्हाला.”

“तुम्ही लिहिलात ते यादीबद्दल लिहिलात,” ती म्हणाली. “त्यात माफी कशाची?”

“हाव, पण तरी,” तो म्हणाला. “ते तुमचं नावगाव मी काढाया लावलं. कोणाचं बी खरं नाव असं उघडं करणं नियमातच बसत न्हाई. पण लोकांनी वाचलं तवर. ते कसं काढनार? मी बी आलतो मॅडम, त्या टायमाला. मोहल्ल्यातल्या पोरांसंगं, ट्रकात कंबल घेऊन. तुमच्या गावात न्हाई, अलीकडं. तवापासून मनात होतं, का ह्या गावांचं कुठंतरी नीट लिहून ठेवावं. आता माझ्या डोक्यात नीट म्हनजे तक्ता.” तो ओशाळून हसला. “मॅडम, परत मतं घेऊ का? मी सांगतो सगळ्यांना, रकाना पायजेच म्हनून.”

“नको.”

“कामून?”

“आता मी काही म्हणाले तरी ते भूकंपातल्या बाईचं म्हणणं होईल, मुनीबभाई. दया म्हणून देतील रकाना. तो मला नको.”

मग तो म्हणाला, “एक विचारू? सुदर्शन सरांना तुमचं समदं कसं काय मालूम? त्ये तर लातूर शहरातले म्हनतेत.”

जगदेवीच्या तोंडाशी आलं. एक वाक्य पुरलं असतं. तोही तिथलाच, समोरच्या घरातला; त्याचीही आई त्या यादीत आहे; तो कसा तटस्थ? मुनीबनं ते तासाभरात पानावर घातलं असतं आणि सुदर्शनचं प्रचालकपद तिथेच संपलं असतं.

“ओळख आहे आमची,” ती म्हणाली. “जुनी.”

पुढचे दिवस वाईट गेले. एका पोरीच्या भावानं ते पान वाचलं होतं. त्यानं बहिणीला सांगितलं, बहिणीनं खोलीत, खोलीनं मजल्यावर. संध्याकाळी जेवायच्या वेळी पोरी रांगेत गप्प उभ्या राहिल्या. जगदेवी एकीला ओरडली, “ताटात टाकतीस का गं असं?” तर ती एरवी फटकन उत्तर देणारी पोरगी खाली मान घालून “सॉरी अक्का” म्हणाली आणि दुधी भोपळा निमूट खाल्ला. दुधी कुणीच खायचं नाही. त्या दिवशी पातेलं रिकामं झालं. स्वयंपाकाच्या बाईनं न मागता तिच्या पोळीवर तूप घातलं. एक वार्ताहर माईक घेऊन फाटकाशी आला, “मॅडम, पंचवीस वर्षांनंतर काय वाटतं, एवढंच सांगा,” म्हणाला. तिनं फाटक लावून घेतलं.

सगळ्यांचे आवाज खाली आले होते. लातुरात येऊन तिनं जे मिळवलं होतं ते सगळं त्या चार ओळींनी नेलं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सुदर्शन स्वतः आला. इस्त्रीचा शर्ट, हातात निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा. ऑफिसात नेहमीच्या खुर्चीवर बसला.

“अक्का, रागावलाव का?”

“पाणी पी.”

तो पाणी प्याला. मग एक पत्रिका काढून तिच्यासमोर ठेवली. तिनं चष्मा लावून वाचली. ‘विशेष उपस्थिती : भूकंपातून वाचलेल्या श्रीमती जगदेवी हत्तरगे.’

“मला न विचारता छापलास?”

“येळ नव्हता अक्का. अन् तुमचा सत्कारच हाय की. लोकांना कळू दे, तुम्ही केवढं काम केलाव.”

“अन् तू? तू कोण हाईस ह्याच्यात?”

“मी? मी आयोजक.”

जगदेवीनं पत्रिका उलटी करून पाहिली. मागे क्लासची जाहिरात होती.

“केवळाकाकूची पोर कुठं ठेवलास?” तिनं विचारलं.

सुदर्शन खिडकीकडे बघू लागला. “तक्त्याच्या खाली टीप दिलीय. एका मृताचे नाव उपलब्ध नाही म्हणून.”

“उपलब्ध न्हाई? अरे, ठेवलंच नव्हतं अजून.”

“अक्का—”

“बारशाला बोलावणं करून गेली होती काकू माझ्या आईला. मी नांदेडवरनं यायचं होतं बारशाला. उपलब्ध न्हाई म्हणं.”

त्यानं पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर सरळ केला. मग एकदम म्हणाला, “मला बघवत न्हाई ते, अक्का. तुम्हाला सांगतो. तो लेख उघडला की आमचं घर. माझी माय अन् ती, दोघीच. दोन वर्षं बघायलोय मी. अकारविल्हे लावलं की कुठंतरी जातेत त्या, दिसत न्हाईत. बरं वाटलं मला.”

त्याचा आवाज खरा होता. जगदेवीला ते कळलं, आणि क्षणभर तिला तो दुसरीतला पोरगा दिसला. पण समोर तो बसला होता, इस्त्रीच्या शर्टात.

“मग मला सांगायचास,” ती म्हणाली. “तुझं घर मी माझ्या हातानं झाकले असते. एवढं झाकता आलं असतं की. माझं का उघडं केलास?”

पुण्याचे लोक, मतं, क्लास, काय काय त्याच्या चेहऱ्यावरून गेलं असेल. बोलला मात्र वेगळंच.

“मुनीबनं तुम्हाला इचारलं होतं म्हणं, माझ्याबद्दल. तुम्ही सांगितलं न्हाई त्याला.”

“न्हाई.”

“का?”

“ते तुझं हाय. तुला सांगू वाटलं तर तू सांग. मी कसं सांगू?”

तो उठला. दारात थांबून म्हणाला, “याल ना रविवारी?”

“रविवारी पोरींची टेस्ट असती,” जगदेवी म्हणाली. “जेवण लवकर करावं लागतंय.”

तो गेल्यावर तिनं संगणक लावला, ज्ञानकोशातलं ‘ओसरी’ हे खातं उघडलं आणि त्यातून बाहेर पडली. परवलीचा शब्द कुठे लिहून ठेवलेला नव्हता. आता तो विसरून जायचा, एवढंच काम होतं.

रविवार उजाडला. तीस सप्टेंबर. ज्ञानकोशाच्या मुखपृष्ठावर त्या दिवशी उंबडवाडीचा लेख होता. सुदर्शनच्या क्लाससमोर मंडप पडला होता, भाषणांचा आवाज वाऱ्यानं गल्लीपर्यंत येत होता. टेस्ट संपवून पोरी परत आल्या, जेवल्या आणि खोल्यांमध्ये पांगल्या. रविवार म्हणून फोन त्यांच्या हातात होते.

अलीझा नावाची एक पोरगी, हिमायतनगरची, यंदाच आलेली, ऑफिसच्या दाराशी घुटमळत होती.

“काय गं?”

“अक्का, रागावणार नाही ना?”

“आधी सांग.”

तिनं फोन पुढे केला. “मी तुमच्या गावाचं वाचलं. लई बारीक अक्षरात आहे, ‘दाखवा’ म्हणून. ते दाबलं की नावं येतेत.” ती अडखळली, पण तिचा आवाज खाली गेला नव्हता, सरळ, लहान पोरीच्या उत्सुकतेनं ती विचारत होती. “यात तुमची अम्मी कोणती?”

जगदेवीनं फोन हातात घेतला. तो तक्ता तिनं अजून एकदाही उघडलेला नव्हता. तिनं बोटानं नावं वर सरकवली. अ गेला, आ गेला. इ गेला. उ आला तिथे तिनं बोट थांबवलं.

उमाबाई हत्तरगे.

उमाबाई हत्तरगे.

उमाबाई हत्तरगे.

एकाखाली एक, तिघी. वादात तिच्या हे लक्षातच आलं नव्हतं. तिच्या यादीत त्या तीन घरांत होत्या. एक वळणावरची, एक आडाजवळची, आणि चिंचेखालची तिची आई. तिघी एका ठिकाणी अशा तिनं कधी पाहिल्याच नव्हत्या.

“कोणती, अक्का?”

जगदेवीनं तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या; कुठली कुठल्या घरातली, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पोरगी वाट बघत होती. बाहेर कुणाचं तरी भाषण संपलं आणि टाळ्या झाल्या.

“मधली,” ती म्हणाली, आणि फोन परत दिला.